साडूचं कमिट

माझ्या साडूने आयुष्यात एकही गोष्ट एका दमात केलेली नाही, आणि याचा त्याला गर्व आहे. साकोलीच्या एका मच्छीमार संस्थेत तो संगणकावर सभासदांची यादी सांभाळतो. त्याचं सगळं अध्यात्म तीन शब्दांचं. बिगिन लिहिलं की काम सुरू, कमिट लिहिलं की ते कायमचं, आणि त्याआधी रोलबॅक लिहिलं की काही झालंच नव्हतं. हे ज्ञान त्याने संगणकापुरतं ठेवलं असतं तर बायको सुखी असती. पण सासुरवाडीला जेवताना तो तिसरी पोळी घेतो, निरखतो आणि परत डब्यात ठेवतो. एकदा लाखांदूरच्या बसमध्ये चढला, पाटी पुन्हा वाचायला उतरला आणि बस गेली. "बरं झालं, कमिट नोतं केलं," म्हणाला! ऑफिसात तर बिगिन करून हा चहाला जातो. तोवर यादीला कुलूप, आणि शेजारच्या संगणकावरचं काम ठप्प. "काहून अडून राहिलं जी?" असं कोणी विचारलं की म्हणतो, "अडलं नाही, माझं तपासणं चालू हाय."

नावं बदलायची मुदत संपून यादी बंद होण्याच्या दिवशी मी मुद्दाम त्याची मजा पाहायला गेलो. समोर एक म्हातारी बसली होती. नवरा वारलेला, त्याच्या जागी तिचं नाव चढलं, तरच तलावात जाळं टाकायचा हक्क राहणार होता.

"त्याचं काढणं अन् तुझं चढवणं एकाच दमात करा लागते, माय," साडू म्हणाला. "एकच झालं तर तू ना इकडची, ना तिकडची."

त्याने दोन्ही केलं आणि सवयीप्रमाणे संगणकाचा पडदा निरखत बसला. रांग कुरकुरली. मीही टोमणा मारला, "दाब ना आता, मुहूर्त पाहून राहिला का?"

म्हातारीला वाचता येत नव्हतं. "बुढ्याचं नाव कुठं हाय, बाबू?"

"आता नाही, माय. तुझं हाय."

ती नुसती पडद्याकडे पाहत राहिली. साडूने निमूटपणे रोलबॅक लिहिलं. नाव परत आलं. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे पाय."

मला माझ्या टोमण्याची लाज वाटली. म्हातारीने पदराने तेवढ्या जागेवरची धूळ पुसली, जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "कर आता."

साडूने दोन्ही कामं पुन्हा केली आणि या वेळी न निरखता कमिट केलं.

अजूनही सासुरवाडीला तो पोळी हातात घेऊन विचार करत बसतो. मी आता टोमणा मारत नाही, डबा त्याच्याकडे सरकवून ठेवतो.