झेरॉक्सवरची आडवी ओळ

आदरणीय सुमनताईंची आणि माझी पहिली भेट आदिलाबादच्या एका झेरॉक्सच्या दुकानात झाली. मी तेव्हा मोबाइल कानाला लावून सावधान उभा होतो. पलीकडचे गृहस्थ स्वतःला आयकर अधिकारी म्हणवत होते. साहेबाचा आवाज आला की बाकावरून उठायचं, ही आम्हा मास्तरांची जुनी खोड. ‘जी सर, मी शाळेत मास्तर’ करत मी पॅन नंबर सांगून बसलो होतो. ओटीपीही वाचून दाखवणार, इतक्यात रांगेतल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी माझा फोन काढून घेतला.

“साब, नोटिस का नंबर बोलो, लिख लेती हूँ.”

फोन कट झाला. ताई माझ्याकडे वळल्या. “आन् मास्तर, तुमी उभे काऊन राह्यले? तो काय शाळा तपासाले आला होता का?”

दुकानभर हशा पिकला. ताईंनी माझ्या आधारच्या झेरॉक्सवर पेनाने आडवी ओळ लिहायला लावली: काम कोणतं, कोणाला दिली, मुदत कधीपर्यंत. “कोरी जागा सोडू नोका. कोऱ्या जागेत चोर बसते.” बोथच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेल्या ताईंनी ही सवय तामसीपासून जैनथपर्यंत गावोगाव लावली आहे. आमच्याकडे आता अंगणवाडीत द्यायच्या झेरॉक्सवरही लोक आडवी ओळ लिहितात.

मला मात्र शहाणपण उशिरा आलं. त्याआधी मी कोऱ्या झेरॉक्स लग्नपत्रिकांसारख्या वाटल्या होत्या. दोन महिन्यांनी खरीखुरी नोटीस आली. कधी न पाहिलेल्या शहरात माझ्या नावावर लोखंडाची पेढी निघाली होती, आणि तिचा कर मी बुडवला होता म्हणे! माझे वडील सालगडी होते. मालकाच्या वहीत त्यांना नाव नव्हतं, नुसतं ‘गडी’ असं लिहिलेलं असे. आमच्या घरात कागदावर नाव लागलेला पहिला माणूस मी, आणि तेच नाव आता चोर म्हणून लागलं होतं. मी दोन दिवस जेवलो नाही.

बातमी कानावर जाताच तिसऱ्या दिवशी ताई तामसीच्या बसने घरी आल्या. पिशवीत ज्वारीची भाकरी, ठेचा आणि तेलुगूत लिहिलेली दरखास्त. “आधी खा. उपाशी मानसाची सही वाकडी येते.” मग त्या माझ्यासोबत कचेऱ्या हिंडल्या. एका टेबलावर उत्तर मिळालं, ‘त्या शहरात जाऊन तुम्हीच सिद्ध करा.’ ताई शांतपणे म्हणाल्या, “चोरी याच्या घरी झाली, आन् हाजिरी बी यानंच द्यायची का?” पाच महिने आम्ही खेटे घातले. शेवटी ती पेढी माझी नाही, असा शिक्क्याचा कागद हाती आला. त्या दिवशी मी बसस्टँडवर रडलो, आणि ताईंनी मला जिलेबी खाऊ घातली.

दुसरा कोणी तिथेच थांबला असता. ताई घरी जाऊन लिहायला बसल्या. करअधिकाऱ्याचं सोंग घेणाऱ्यांना आणि दुसऱ्याचं नाव चोरणाऱ्यांना कडक शिक्षा व्हावी. खरी नोटीस कोणती, हे गावातल्या माणसाला जवळच्या कचेरीत पडताळता यावं. आणि ज्याचं नाव चोरीला गेलं, त्याला वणवण न करायला लावता खात्यानेच ते धुऊन द्यावं, असा कायदा त्यांनी आमदार-खासदारांकडे मागितला. मराठीत आणि तेलुगूत, गावोगावच्या सह्यांनिशी. परवा उत्तर आलं: सूचना विचारार्थ घेतल्या आहेत. ताईंनी पेढे वाटले. मी म्हटलं, “ताई, अजून कायदा कुठं झाला?” त्या म्हणाल्या, “दरखास्त वाचली ना त्यायनं? मंग होते. मी पाहून राह्यली ना वाट.”

या गौरवग्रंथासाठी समितीने ताईंकडे जन्मदाखल्याची प्रत मागितली, तर तिच्यावरही आडवी ओळ आलीच: ‘फक्त पंचाहत्तरीच्या पुस्तकासाठी.’ आम्ही पोट धरून हसलो.

ताई, त्याच रिवाजाने मीही या लेखावर आडवं लिहून देतो. काम: तुमचं अभीष्टचिंतन. कोणाला दिलं: सुमनताईंना. देणारा: ज्याचं नाव तुम्ही परत आणून दिलंत, तो तामसीचा मास्तर. तो कायदा छापून येईल, तेव्हा त्याचं पहिलं पान तुम्हीच आम्हाला वाचून दाखवायचं आहे, ठणठणीत आवाजात. म्हणून मुदतीची जागा तेवढी, तुमचा नियम मोडून, मी कोरी सोडतो.