टप्पा पडलेला गोल

माझ्या सख्ख्या साडूला संघातून काढा, असं मी पंचवीसेक माणसांसमोर हातात चेंडू धरून सांगितलं. भाषण उत्तम झालं. आयुष्यात एवढं चांगलं इंग्रजी मी ना इंटरव्ह्यूत बोललो, ना व्हिसाच्या खिडकीवर.

आधी चेंडूचं सांगतो. मँचेस्टरमध्ये आमच्या घराजवळ एक हौशी क्लब आहे. तो ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल खेळतो. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबुळका. तो घेऊन पळायचं, लाथाडायचा, आणि ज्याच्या हातात तो असेल त्याच्या अंगावर चारपाच जणांनी पडायचं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर एक. हे सगळं क्रिकेटच्या मैदानावर चालतं. मैदान क्रिकेटचं, मोठ्या फटक्याला सहा, म्हटल्यावर मला वाटलं, हा तर आपलाच खेळ, यात शिकण्यासारखं काय आहे?

साडू हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. क्लबात तो लोकांचे गुडघे बांधायला म्हणून गेला आणि शाळेतल्या खो-खोच्या जोरावर स्वतःच पळायला लागला. दोन सीझन राखीव खेळाडूंत बसून काढल्यावर त्या शनिवारी तो पहिल्यांदा मुख्य संघात आला होता. पुढच्या शनिवारी सेमीफायनल, तिथली आमची जागा आधीच पक्की झालेली, आणि ती बघायला आमच्या सासूबाई खास पुण्याहून येणार होत्या. माझ्या एकाही सामन्याला त्या कधी आलेल्या नाहीत. मी एकही सामना खेळलेलो नाही, हे एक कारण असू शकेल.

मी होतो गोल अंपायर. हौशी सामन्यात प्रत्येक क्लबाने आपला एक माणूस खांबांपाशी उभा करायचा असतो. गोल झाला तर दोन पांढरे झेंडे फडकवायचे, एक गुण असेल तर एकच झेंडा. अंगात लांब पांढरा कोट. तो मला शोभतो, एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली होती. कोटातला फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा आईने विचारलं, "आयटी सोडून दवाखान्यात लागलास का?" कोचने नियमांचा एक लॅमिनेट केलेला कागदही दिला होता. चांगला जाड होता. मेहुणीने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या मी त्याच्यावर वाढून घेत असे.

आता तो प्रसंग. शेवटची दोन मिनिटं, आम्ही चार गुणांनी मागे. चेंडू साडूच्या हातात आला. दोघांनी त्याला मागून धरलं, आणि पडता पडता त्याने कशीबशी लाथ मारली. चेंडू जेमतेम उडाला, जमिनीवर आपटला, वेडावाकडा उसळला, पुन्हा एक टप्पा घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत मधल्या दोन खांबांतून आत गेला. त्यांचा एक गडी हात पसरून त्याच्यावर झेपावला होता, पण चेंडू त्याच्या बोटांपासून चांगला वीतभर लांब होता.

मी क्षणभरही डगमगलो नाही. दिवसभरातले सगळे गोल हवेतून थेट गेले होते. हा टप्पा पडून गेला. टप्पा पडला म्हणजे सिक्स नाही, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही कळतं. हिशेबाने चार द्यायला हवे होते, पण चारचा झेंडा मला कुणी दिलेला नव्हता. म्हणून मी एक झेंडा उचलला, आणि तोही असा ताठ मानेने की मुख्य अंपायरनेही मान डोलावली. साडूने डोक्यावर हात ठेवले, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तीन गुणांनी आम्ही हरलो. झेपावलेला तो गडी जाताना मला डोळा मारून गेला. मला वाटलं, खिलाडूवृत्ती.

आमच्या क्लबाची पद्धत अशी, की सामना संपला की सगळे पबच्या मागच्या बागेत जमतात. कोच बाकावर पांढरा फळा टेकवून ठेवतो, त्यावर खेळाडूंच्या नंबरांची मॅग्नेट. पुढच्या आठवड्यात कोण आत, कोण बाहेर, यावर कुणीही बोलावं, प्रेक्षकांनीसुद्धा. फक्त ज्याच्या हातात चेंडू त्यानेच बोलायचं. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीला असा एखादा चेंडू मिळाला असता, तर कितीतरी मंडळं अजून एकत्र असती.

त्या दिवशी चेंडू गरागरा फिरत होता. कुणी म्हणे बचाव बदला. कुणी म्हणे उंच माणूस पुढे आणा. तिसऱ्याला कोचच बदलायचा होता, पण त्याच्याकडून चेंडू लगेच काढून घेतला. सतरा नंबरची जर्सी घातलेला साडू कोपऱ्यात घोट्याची पट्टी सोडत बसला होता. तीच पट्टी तो परत गुंडाळे आणि परत सोडे.

चेंडू माझ्याकडे आला. मी उभा राहिलो, घसा साफ केला. म्हणालो, "नाती बाजूला ठेवून बोलतो. सतरा नंबरला काढा. मोक्याच्या वेळी ज्याला थेट मारता येत नाही, त्याला सेमीफायनलला नेऊ नका." एकजण "फेअर प्ले, मेट" म्हणाला. कोचने सुस्कारा टाकून सतराचं मॅग्नेट फळ्याच्या कडेला सरकवलं.

मी खाली बसलो. शेजारी काका होते, आमच्या ओळखीतले निवृत्त गृहस्थ. लेक मेलबर्नला असल्यामुळे दरवर्षी तिकडे राहून हा खेळ कोळून प्यायलेले. पुरी चावत ते मराठीत म्हणाले, "बोललास छान. पण थेट म्हणजे काय रे?"

"अहो काका, टप्पा पडला ना. थेट गेला असता तर सहा होते."

काकांचं चावणं थांबलं. "टप्पा पडला म्हणून एक झेंडा दाखवलास?"

"मग?"

"मला वाटलं त्या गड्याचा हात लागला. सगळ्यांना तेच वाटलं. हात लागला तर एक."

"हात कुठला लागतोय? वीतभर लांब होता."

"गाढवा," काका अगदी हळू म्हणाले, "टप्पा पडो, घरंगळत जावो, लोटांगण घालत जावो. सहाच असतात."

मी पुऱ्या बाजूला करून लॅमिनेट पुसलं. तेलाच्या डागाखाली तेच लिहिलेलं होतं, आणि तेही पहिल्याच ओळीत.

"आता?" मी विचारलं.

"मी काही ऐकलं नाही बुवा," काका म्हणाले. "मी पुरी खातोय."

एक मन म्हणालं, गप्प बस. निकाल काही बदलणार नाही. साडू परत राखीवमध्ये जाईल, सवय आहे त्याला. सासूबाईंना आपण लेक डिस्ट्रिक्ट दाखवू. तेवढ्यात साडू उठला, फळ्यापाशी गेला आणि कोचला म्हणाला, "बरोबर आहे तो. मी थेट मारायला हवा होता." आणि मला अंगठा दाखवला. नालायकाने अंगठा दाखवला! शिवी दिली असती तर मी आरामात गप्प बसलो असतो.

मी चेंडू मागितला. या वेळचं इंग्रजी पार कोसळलं. 'बाउन्स', 'माय मिस्टेक', 'क्रिकेट' एवढेच शब्द आठवले आणि बाकीचं मी हातवाऱ्यांनी सांगितलं. आधी कुणालाच कळलं नाही. मग सगळ्यांना एकदम कळलं. जो गोंगाट झाला त्यात चेंडूचा नियम कुणी पाळला नाही. कोचने डोळे मिटले, बिअर संपवली, सतराचं मॅग्नेट परत फळ्याच्या मधोमध आणलं आणि जाहीर केलं, "सेमीफायनलला एकच बदल. गोल अंपायर." झेंडे आणि कोट काकांना मिळाले. त्यांनी निदान संकोचाचं नाटक करायला हवं होतं.

परतताना साडू गाडी चालवत होता. मी सीटबेल्ट घट्ट धरून बसलो होतो.

"म्हणजे गोल होता?" त्याने विचारलं.

"होता."

"खांबाच्या आतून?"

"बरोब्बर मधून."

सिग्नल लाल झाला. त्याने डब्याच्या पिशवीतून दोन पेपर नॅपकिन काढून माझ्या हातात दिले. "दाखव."

"इथे?"

"तू मला एकच दाखवलास."

मी दोन्ही हात वर करून ते तेलकट नॅपकिन फडकवले. शेजारच्या गाडीतल्या बाई बघायला लागल्या. सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवायला लागला.

"परत," साडू म्हणाला.