असुराच्या मनगटावरची रेघ

चित्रकथांच्या छापखान्यात त्याला सगळे शाईवाला म्हणत. दुसऱ्याने पेन्सिलीने काढायचं, याने त्यावर शाई चढवायची. तीस वर्षं हाच उद्योग. जिभेचा पट्टा मात्र अखंड चालू. बायको म्हणायची, "अहो, हात चालू द्या, तोंडाला जरा सुट्टी द्या!"

गेली बारा वर्षं त्याच्या हाताखालून एक खलनायक जात होता, जुन्या दैत्यकथांतून उचललेला असुर. हा घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारायचा. ओ देऊन जो समोर आला, तो गेला. त्याला रिंगणात कोंडावं लागे. म्हणून शाईवाल्याचा नेम होता: आधी चित्राची चौकट चारी बाजूंनी बंद करायची, मगच असुराचे डोळे भरायचे.

"बायकोला घाबरत नाहीस एवढा याला घाबरतोस?" सोबतचे हसत.

"बायकोला कुठल्या चौकटीत बसवू, सांगा!"

त्या दुपारी तो घरीच काम करत होता. संपादकाचा फोन आला: असुराचा हात चौकटीबाहेर काढा, आणि पान चारला हवं. शाईवाल्याने हातापुरती चौकटीची उजवी रेघ अर्धी सोडली, आणि घाईघाईत डोळे भरून टाकले.

"अगं, जरा इकडे ये."

आवाज त्याचाच होता. बोलला मात्र तो नव्हता.

"आले हं!" स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवलं गेलं. सपाता फरफटत निघाल्या.

'येऊ नकोस' म्हणून ओरडायला त्याने तोंड उघडलं. आत आवाजच नव्हता. कागदावरची असुराची बोटं दाराकडे वळू लागली होती. त्याने पट्टी ठेवली आणि थेट असुराच्या मनगटावरून रेघ ओढली. टोकाला टोक मिळालं, तेव्हा बायको दारात उभी.

"काय हो, कशाला हाक मारलीत?"

डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. त्याने बायकोला सगळं लिहून दाखवलं, ते पान कपाटात कुलूपबंद केलं आणि छापायला दुसरं काढून दिलं. ती म्हणाली, फाडून टाका. त्याने लिहिलं: 'फाडलं तर चौकट उघडेल.'

आठवडाभर ती शेजारणींना सांगत होती, "घर कसं शांत झालंय, बाई!"

आता दुपारी ती भाजी निवडत बसते. तो समोर मुकाट, किल्ली मुठीत. आणि कपाटातून त्याचा आवाज येतो, लग्न नवं असताना यायचा तसा, लाडातला: "अगं, जरा इकडे ये ना."

ती ओ देत नाही. फक्त तिची खुर्ची रोज वीतभर कपाटाकडे सरकलेली असते.