हरळीवाले दाजीसाहेब

बागेच्या फाटकात शिरताना दाजीसाहेब पायातले जोडे काढून हातात घेत. आतली वाट मुरमाची होती, खडे चांगले टोचत. पण ते तसेच अनवाणी, एका हातात जोडे नि दुसऱ्या हातात छत्री घेऊन, मधल्या हरळीच्या चौकोनाला रोज संध्याकाळी फेरी घालत. मी जालन्यात नवी होते. मला वाटलं, हरळीवर अनवाणी चालणं डोळ्यांना चांगलं म्हणतात, त्यासाठी काढत असतील. तसं विचारलं, तर मी जणू त्यांच्या डोक्यावर चालायची परवानगी मागितली होती, असे ते दचकले.

"हरळीवर? मी? बिलकुल न्हाई, बाई! मीच पाय ठेवला तर लोकांना कोन्त्या तोंडानं सांगू?"

"मग जोडे कशाला काढता?"

"चुकून पडलाच पाय, तर जोड्याचा नको पडायला."

दाजीसाहेब बागकमिटीचे अध्यक्ष होते. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, नगरकडची. कमिटीत एक बाई असावी असं कुणाच्या तरी मनात आलं आणि गावातली घरंदाज बाई काही येईना, म्हणून माझी वर्णी लागली. सभेत चहा कुणी करायचा हा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटला असं बाकीच्यांना वाटलं होतं. पहिल्याच सभेत मी चहाच्या भांड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा दाजीसाहेब उठले, स्वतः स्टोव्ह पेटवला आणि म्हणाले, "बाई बराबर हायेत. कमिटी हाये, सासर न्हाई." त्या दिवसापासून माझं त्यांच्याशी जमलं. चहा मात्र भयंकर करत.

त्यांची उभी हयात निजामाच्या राजवटीत पेशकारी, म्हणजे साहेबापुढे कागद मांडण्याची कारकुनी, करण्यात गेली. त्या काळी ही बाग साहेबलोकांची. गावच्या माणसानं तारेबाहेरून बघायची. राजवट गेली, फाटक उघडलं, तर आत बाभळी, काटे आणि एक मोडकं कारंजं. दाजीसाहेब नुकतेच नोकरीतून निवृत्त होऊन घरी बसले होते. "आता राज्य आपलं हाये, तर बाग बी आपल्यालाच करावी लागंल," म्हणत त्यांनी बाभळी काढवल्या, जमीन सपाट केली आणि गावोगावहून हरळीच्या काड्या आणून लावल्या.

बाजाराला आलेले शेतकरी तारेशी उभे राहून हे बघत आणि पोट धरधरून हसत. काळ्या रानात कुंदा आणि हरळी या तणांशी शेतकऱ्याचं जन्माचं वैर. "आम्ही जलमभर हरळी उपटून राह्यलो, अन् ह्ये सायब पैसे देऊन लावून राह्यले!" असं म्हणत ते गाड्या जुंपत. दाजीसाहेबांनी ते कधी मनावर घेतलं नाही. वर्षभरात मखमल पसरावी अशी हरळी धरली, आणि त्यांनी चारी कोपऱ्यांवर पाट्या रोवल्या : 'हरळीवर पाय ठेवू नये.' गौरी-गणपतीला बायका हरळीतल्या दूर्वा खुडायला आल्या की हे छत्री आडवी धरून उभे. "बाप्पाला माझा नमस्कार सांगा, अन् दूर्वा नदीकाठच्या न्या."

त्यांचं खरं हाडवैर होतं ते भिवराबाईशी. भिवराबाई धनगराची. तिची मेंढरं रोज बागेच्या कडेनं जात आणि त्यांतलं एखादं हमखास तारेखालून आत शिरे. मग मुरमाच्या वाटेवरून दाजीसाहेबांची आरडाओरड आणि तारेपलीकडून भिवराबाईचं उत्तर : "वरडू नका दाजी, दोन घास खाल्ले तर काय सोनं खाल्लं?"

असं सगळं ठीक चाललं असताना हिरालाल शेठनं घोडे आणले. म्हणजे आणायचं ठरवलं. शेठ जुन्या जालन्यातले धान्याचे मोठे आडते, गावाचं नाव व्हावं ही त्यांना भारी हौस. घोडेस्वारीचे मोठे सामने, बाहेरगावचे स्वार, अडथळ्यांवरून उड्या, भाल्यानं खुंटी उपटणं, हे सगळं जालन्यात व्हावं असं त्यांनी एका निवृत्त कॅप्टनसाहेबांकडून कबूल करून घेतलं. कॅप्टनसाहेब जागा बघायला आले. छावणीकडच्या मैदानात काळ्या जमिनीला हात हात भेगा. घोड्याचा पाय गेला की मोडलाच. मग त्यांनी बाग बघितली, काठीनं हरळी दाबून बघितली आणि म्हणाले, "झकास. इथंच."

दाजीसाहेब त्या रात्री जेवले नाहीत, असं त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं. तिसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दिवाणखान्यात जाहीर चर्चा ठेवली, आणि तिथं दाजीसाहेब इतका वेळ बोलले की ऐकणाऱ्यांच्या मांड्यांना मुंग्या आल्या. पेशकारीची सवय, सुरुवात "जनाब-ए-सदर" अशी होऊन गेली, मग जीभ चावून "म्हणजे अध्यक्षमहाराज" झालं.

शेठ म्हणाले, "दाजीसाब, जालन्याचं नाव होईल."

"नाव हाये की! 'जालना सोने का पालना' म्हणतात. मंग त्या पाळण्यात घोडे काहून बांधून राह्यले तुम्ही?"

लोक हसले. शेठही हसले आणि म्हणाले, "गावात हजार लोक येतील, खाणावळी चालतील, टांगे चालतील." टांगेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजीसाहेब म्हणाले, "टांगे चालतील, बराबर. पण हरळीवर चालणार न्हाई."

मग हात वर करून मतं घेतली, आणि तिथंच घोटाळा झाला. शेठच्या आडतीवरचे हमाल मागच्या ओळीत बसले होते. त्या भाबड्या माणसांनी मालकाच्या बाजूनं दोन्ही हात वर केले. मोजदाद झाली तेव्हा दिवाणखान्यातल्या माणसांपेक्षा मतं जास्त भरली. दाजीसाहेब टेबलावर छत्री आपटून म्हणाले, "हे काय, पोळ्याला बैलांची शिंगं मोजून राह्यले का?" सभा मोडली.

शेठ माणूस दिलदार. त्यांनी तोड काढली : घोड्यांच्या खुरांना गोणपाटाचे बूट बांधू, हरळीला ओरखडा उठायचा नाही, गोण्या माझ्याकडून. दाजीसाहेब म्हणाले, "आधी करून दाखवा." मग एका टांग्याचा घोडा सोडून आणला, चारी पायांना शेठच्या गोण्यांचे बूट बांधले, आणि आम्ही सगळी बागकमिटी गंभीर चेहऱ्यानं मुरमाच्या वाटेवर उभी राहिलो. घोडा हलेना. टांगेवाल्यानं चुचकारलं, ओढलं, आईमाईवरून शिव्या दिल्या. घोड्यानं मान खाली घातली, पायाचा वास घेतला आणि शांतपणे बूट खायला लागला. गोण्यांच्या शिवणीत ज्वारीचे दाणे राहिले होते. डावा बूट संपवून त्यानं उजव्याला तोंड लावलं, तेव्हा दाजीसाहेब मला म्हणाले, "बाई, लिहून घ्या. घोडा आपल्या बाजूचा हाये."

पण शेठ मागे हटेनात. सामन्यांची तारीख जवळ आली. आणि मग दाजीसाहेबांच्या डोक्यात ती कल्पना आली. पुन्हा जाहीर सभा घ्यायची, पण दिवाणखान्यात नाही, बागेतच. लोकांनी डोळ्यांनी बघावं की काय जाणार आहे. आणि हात वर करायचे नाहीत. सामन्यांच्या बाजूचे लोक एका अंगाला, विरोधातले दुसऱ्या अंगाला, म्हणजे एका माणसाचं एकच मत.

मी म्हटलं, "अहो दाजीसाहेब, एवढे लोक उभे कुठं राहणार?"

"कडेनं राहतील. लोक समजदार हायेत, बाई. तुमच्या नगरकडं नसतील."

नगरचा अपमान गिळून मी दवंडीचा मजकूर लिहायला घेतला.

दवंडी पिटली. नेमका बाजाराचा दिवस. भोकरदनकडच्या गाड्या फाटकाशी सोडलेल्या, डोक्यावर टोपल्या नि कडेवर पोरं घेतलेल्या बाया, शेंगावाले, टांगेवाले, हमाल, आमच्या शाळेच्या मुली. पहिली माणसं बिचारी कडेनंच उभी राहिली. पण मागून लोंढा आला, त्यानं पुढच्यांना ढकललं, आणि बघता बघता हिरवा रंग दिसेनासा झाला. दाजीसाहेब वाटेकडेच्या कारंज्याच्या कट्ट्यावर उभे राहून ओरडत होते, "कडेनं! कडेनं!" लोकांना वाटलं, भाषण सुरू झालं, ते ऐकायला आणखी पुढे सरकले.

त्या गर्दीतून भिवराबाई कट्ट्याशी आली आणि मोठ्यानं म्हणाली, "दाजी, एक पुसू का? सायबाच्या वक्ताला बी आमी ही बाग तारंभाईरून बघितली. आता राज आपलं आलं म्हनता, तर तुमी पाटी लावली. मंग आमी आत कव्हा यायचं?"

दाजीसाहेबांनी छत्री कट्ट्यावर टेकवली. ते नुसते म्हणाले, "मतं घ्या."

विरोधवाले कारंज्याकडे, बाजूवाले फाटकाकडे. सगळा गाव हरळी तुडवत इकडून तिकडे गेला. मोजताना शेठनं हरकत घेतली, म्हणून पुन्हा मिसळून पुन्हा वेगळे केले. काहींना फाटकाकडे सावली दिसली म्हणून ते तिकडे गेले, मग कुणीतरी हाका मारल्या म्हणून परत आले. शेवटी निकाल लागला. दाजीसाहेब जिंकले, आणि तेही दणदणीत. लोकांनी त्यांच्या नावाचा जयजयकार केला आणि शेंगांची टरफलं झटकत घरोघर गेले.

बाग रिकामी झाली. हरळी कुठंच नव्हती. होती ती तुडवून चिखल झालेली, तुटलेल्या काड्यांची, टरफलांनी भरलेली जमीन. दाजीसाहेब कट्ट्यावरून उतरले. हातातले जोडे त्यांनी मुरमाच्या वाटेवर ठेवले आणि सरळ मध्यभागी चालत गेले. आपल्या हरळीवर त्यांनी पाय ठेवला तो त्या दिवशी. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींची लाज वाटत होती. शेठ फाटकाशी उभे होते, तेही टोपी काढून.

"शेठ," दाजीसाहेब तिथूनच म्हणाले, "बोलवा तुमचे घोडे. आता वाचवायला काही राह्यलं न्हाई."

भिवराबाई अजून गेली नव्हती. तिनं पदर तोंडाला लावला आणि खो खो हसत सुटली. "दाजी, तुमी शिकल्याले, पर येडे. हरळी मरती व्हय? ती मरती तर आमच्या रानातल्या बाया खुरपून खुरपून कशाला मेल्या असत्या? ती मरत न्हाई, बाबा!"

सामने झाले. दाजीसाहेब आले, पण मैदानाकडे पाठ करून खुर्चीत बसले. "विरोध कायम हाये," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मग एका पांढऱ्या घोडीनं सर्वांत उंच अडथळा असा काही पार केला की सगळी बाग ओरडली. दाजीसाहेबांनी मान वळवली. पुढच्या उडीला खुर्ची वळली. त्यानंतर ते उभेच राहिले आणि छत्री उडवत "वाह! माशाअल्ला! क्या बात है!" असं सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडत होते. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं, तर म्हणाले, "घोडीला विरोध न्हाई, बाई. सामन्यांना हाये."

घोडे गेल्यावर ते स्वतः भिवराबाईच्या धनगरवाड्यावर गेले. शेतकरी रानाला खत मिळावं म्हणून धनगराला विनवून शेतात मेंढरं बसवतात. दाजीसाहेबांनी भिवराबाईला तशीच विनंती केली : माझ्या बागेत मेंढरं बसवा. ज्या मेंढरांमागे ते वर्षानुवर्षं छत्री घेऊन धावले, ती मेंढरं चांगली आठवडाभर कारंज्याभोवती रवंथ करत बसली. भिवराबाईनं मोबदला काही घेतला नाही. फक्त चारी पाट्या मागितल्या, चुलीला. दाजीसाहेबांनी त्या आपल्या हातानं उपटून दिल्या, आणि पाठोपाठ तारही काढवली.

आणि हरळी आली. आधीपेक्षा दाट, पाऊल रुतेल अशी. त्यानंतर संध्याकाळी दाजीसाहेब जोडे काढत ते हरळीत पाय पसरून बसण्यासाठी. पोरं अंगावरून उड्या मारत, बाया खुशाल दूर्वा खुडत. कुणी नवखा कडेनं बिचकत उभा दिसला की हे तिथूनच हाक मारत, "या, या, बसा! मरत न्हाई ती!"

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी दाजीसाहेब गेले. झोपेतच गेले. शोकसभा कुठं घ्यायची हा प्रश्नच नव्हता. सगळा गाव बागेत जमला. पाटी नव्हती, तार नव्हती, अडवायला छत्री नव्हती. तरी शेठ, हमाल, टांगेवाले, माझ्या शाळेतल्या मुली, सगळे चौकोनाच्या कडेनं मुरमावर दाटीवाटीनं उभे. मधली हरळी रिकामी. मीसुद्धा जोडे हातात घेऊन उभी होते. पाय उचलेना.

तेवढ्यात भिवराबाई आली. म्हातारी झाली होती, काठी टेकत होती. गर्दीतून वाट काढत ती सरळ हरळीत गेली, दाजीसाहेब बसत त्या जागेशेजारी खाली बसली आणि आमच्याकडे बघून खेकसली, "भाईर काय हुबे राह्यले रं? या, बसा. मरत न्हाई ती. दाजीच म्हनत व्हते."

मग आम्ही सगळे आत गेलो आणि बसलो.