फोड गालात आहे

आमच्या कांजूरमार्गच्या वस्तीत आरोग्यसेविका ताई आल्या, की नमस्कार होण्यापूर्वीच त्यांचा हात पिशवीतील विजेरीकडे जाई. "आ करा." मंदिरात पोथी सांगणारा मीही त्यातून सुटलो नाही. "मंत्र म्हणणारं तोंडही तोंडच असतं, गुरुजी," त्या म्हणाल्या आणि मी भर सभामंडपात आ केला.

वस्तीतील कष्टकरी स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावीत. मिश्रीने भूक मरते, पण तोंडाला रोगही जडतो. ताईंनी त्यांना कधी दूषण दिले नाही. "जिला दुपारचं जेवण नाही, तिला नुसतं 'सोड' म्हणून कसं चालेल?" असे म्हणून त्या आधी चुलीची चौकशी करीत.

मंदिरामागे सुशीला एकटी राही. तिला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येत. मिश्री लावली की ते जरा शांत होतात, म्हणून ती दिवसभर लावीत बसे. एकदा मला म्हणाली, "गुरुजी, गालात निखारा ठेवलाय कुणीतरी." मी तिच्या कपाळी अंगारा लावला, चिमूटभर जिभेवर ठेवला. श्रद्धेने ठेवला, पण आत पाहिले नाही. वेडीचे बोलणे, असेच सारे समजले, आणि मीही.

ताई मात्र तिच्याशेजारी पायरीवर बसल्या आणि विजेरी तिच्याच हाती दिली. "आधी तू माझं तोंड बघ गं, सुशे."

"दाढ किडलीय तुझी, ताई."

"असू दे. आता माझी पाळी."

गालात चिघळलेला फोड होता.

रुग्णालयात मीही सोबत गेलो. तिचे जुने कागद चाळून तरुण डॉक्टर म्हणाले, "मानसिक रुग्ण आहे. भास होत असतील."

ताईंचा स्वर चढला नाही. "भास डोक्यात आहेत, साहेब. फोड गालात आहे. आधी गाल बघा."

त्यांनी पाहिले. कर्करोग होता, परंतु आरंभीचा, शस्त्रक्रियेवर निभावले. वयाने मी कितीतरी मोठा, तरी त्या दिवशी मनोमन ताईंच्या पायांवर मस्तक ठेवले. पुढे ताईंनी तिच्या आवाजांवरच्या गोळ्याही सुरू करवल्या, आणि मिश्री सुटली.

गेल्या वर्षी त्यांची वाकोल्याला बदली झाली. निघताना म्हणाल्या, "सुशीच्या मनाच्या गोळ्या चुकल्या की आवाज वाढतात, आणि आवाज वाढले की मिश्री परत येते. आता तुम्ही बघायचं, गुरुजी."

"मला स्मरण राहील का?"

"संध्या चुकते कधी तुमची?"

"नाही."

"मग तीच वेळ धरा."

तेव्हापासून सायंकाळचे अर्घ्य दिले, की मी सुशीलेच्या दाराशी जातो. कधी उशीर झालाच, तर ती उंबऱ्यावर बसलेली असते. म्हणते, "तुमचा सूर्य थांबेल हो, गुरुजी. माझी गोळी नाही थांबत."