तोंडानं बोलायची बाई

सुनेला मूल होत नव्हतं म्हणून परतूरहून जालन्याच्या दवाखान्यात मी तिला दोन वर्षं नेत होते. तिथल्या नर्सबाईचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक बोलण्यामागं ती "बराबर?" म्हणायची आणि उत्तराची वाट पाहायची. नुसती मान हलवलेली तिला चालत नसे. एखादी पेशंट नवऱ्याशिवाय आली की विचारायची, "अर्धं जोडपं घरीच ठेवलं का?" मला ती आगाऊ वाटायची.

एकदा औरंगाबादच्या मुख्य दवाखान्यातून छापील कागद आले. इथं तुम्हाला कसं वागवतात, ते पेशंटनं लिहायचं होतं. सुनेचा कागद मीच घेतला आणि तिला म्हटलं, "लिही, समदं चांगलं हाये."

नर्सबाईनं तो माझ्या हातातून काढून सुनेला दिला. "मावशी, सुया तुम्हाला टोचून राह्यलो का आम्ही? न्हाई ना? मंग तिला लिहू द्या. बराबर?"

सुनेनं लिहिलं, 'डॉक्टर माझ्याबद्दल सासूशी बोलतात. मला कोणी विचारत नाही.'

मला राग आला, पण त्यात खोटं काही नव्हतं.

डॉक्टरांनी कागद वाचला. "हा फाडा. दुसरा भरून घ्या."

"जिचा तिनं भरलाय, साहेब." नर्सबाईनं कागद पाकिटात घातला, कडेला जीभ लावली आणि वरून मूठ दाबली. "आजच टपालात टाकते. बराबर?"

डॉक्टरांनी मान हलवली. ती तिथंच उभी राहिली.

शेवटी ते तोंडानं म्हणाले, "बरोबर."