दर महिन्याला एक संत

रोमन बादशहांनी संतांना सिंहांपुढे टाकलं, जाळीवर भाजलं, बाणांनी त्यांची चाळण केली. पण मेल्यावर तरी बिचाऱ्यांना स्वर्गात सुखाने राहू दिलं. माझ्या सासऱ्यांनी तेवढीही सवलत दिली नाही. निवृत्त झाल्यापासून ते दर महिन्याला एका संताला खाली उतरवतात आणि चंद्रपूरच्या उन्हात कामाला लावतात. त्यांची सगळी नोकरी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात फिटर म्हणून गेली. "मानूस म्हनजे बेरिंग, जवाईबापू. ग्रीस नाई लावलं का आवाज करते," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. नोकरी संपली, यंत्रं हातची गेली, तेव्हा ग्रीसचा डबा घेऊन ते स्वतःकडे वळले. संतचरित्रांचं एक जाडजूड पुस्तक त्यांच्यापाशी आहे. सणावारांचा क्रम ते पाळत नाहीत. आपला कोणता दोष सध्या जास्त आवाज करतोय ते बघायचं, त्यावरचा संत शोधायचा आणि महिनाभर त्याच्यासारखं वागायचं.

आता मी कोण हे सांगतो, कारण या गोष्टीत जो काही गंज आहे तो माझा आहे. मी राजुऱ्याला शाळेत मराठी शिकवतो. बाप्तिस्मा झालेला कॅथलिक आहे, पण आमच्या फादरना माझा चेहरा नाताळच्या गोठ्यासारखा वर्षातून एकदाच दिसतो. सासऱ्यांच्या संतगिरीच्या गोष्टी मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगत असे आणि स्वतःला फार विनोदी समजत असे.

साहित्य भरपूर मिळायचं. एकदा प्राणिमात्रांवर प्रेम करायचं म्हणून असिसीचे संत फ्रान्सिस निवडले गेले. त्याच आठवड्यात अंगणातल्या पपईवर वानरांची टोळी आली. सासूबाई काठी घेऊन धावल्या, तर सासऱ्यांनी त्यांना अडवलं आणि स्वतः झाडाखाली हात जोडून उभे राहिले. "खा रे भाऊ हो, पन कच्च्याची नासाडी नका करू," असं ते समजावून सांगत होते. सगळ्यात वयस्कर वानराने ते शांतपणे ऐकून घेतलं, मग तो खाली उतरला आणि त्यांचा चष्मा काढून घेऊन गेला. त्यावर सासऱ्यांच्या तोंडून जी शिवी निघाली ती थेट बॉयलर हाउसमधली होती. पुढच्या रविवारी ते पापस्वीकाराला गेले आणि वानराला आईवरून शिवी दिल्याचं फादरना सांगितलं. फादरना बराच वेळ खोकला आला म्हणतात.

दुसऱ्या एका महिन्यात नम्रता शिकायची होती. संत मार्टिन मठात झाडू मारत, म्हणून सासरे पहाटे उठून गल्ली झाडू लागले. गल्ली संपली तेव्हा उत्साहाच्या भरात शेजारणीचं अंगणही झाडून टाकलं. ती बाई कमरेवर हात ठेवून आली. "काऊन भाऊ, माहं अंगन तुमाले घान दिसते काय?" सासऱ्यांनी नम्रपणे क्षमा मागितली. तिला तो टोमणा वाटला. आठ दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद होतं, आणि त्या आठ दिवसांत सासरे आणखी नम्र झाले, त्यामुळे भांडण आणखी वाढलं.

मग आला बाळ येशूच्या संत तेरेसाचा महिना. आषाढ लागला होता. मी आणि बायको रविवारी चंद्रपूरला गेलो की सासरे माझ्याकडे बघून हसत. चहा देताना हसत, मी वर्तमानपत्र वाचत असलो तर समोर येऊन हसत. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, माझी विद्वत्ता त्यांच्या लक्षात आली असावी, असं मी परत येताना बायकोला म्हणालो.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "विद्वत्ता गेली उडत. तेरेसाचा महिना सुरू आहे. जो मानूस आपल्याले आवडत नाई, त्याच्याकडे पाहून रोज हसाचं असते."

पुढच्या रविवारी मी त्यांना सरळ विचारलं. "मामाजी, मी तुमचं काय वाकडं केलं?"

खोटं बोलणं हा एक पर्याय असतो, हे त्या माणसाला कुणी शिकवलंच नव्हतं. "माहं काईच नाई," ते म्हणाले. "पन तुमी सख्ख्या भावाशी बोलत नाई. ते मले पाहवत नाई. म्हनून हसून राह्यलो."

माझा मोठा भाऊ सावली गावाला धानाची शेती करतो. त्याच्या मुलीच्या लग्नात मी वधूवरांना चार आशीर्वादाचे शब्द बोलायला उभा राहिलो. अर्ध्या तासात मी संसाराच्या पहिल्या पायरीपर्यंत आलो होतो, तेवढ्यात भावाने सगळ्या मांडवादेखत माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, "बस कर आता, लोकं उपाशी हायेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. संपूर्ण भाषणात तेवढ्याच वाजल्या. त्या दिवसापासून दोन वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. तो आजारी होता तेव्हा बायकोला पाठवलं आणि मला शाळेत तपासणी आहे असं कळवलं. तपासणी नव्हती.

"एक संत निवडा," सासऱ्यांनी पुस्तक माझ्यासमोर ठेवलं.

मी हुशार माणूस. मी संत योसेफ निवडले. "शुभवर्तमानात त्यांच्या तोंडी एक शब्दही नाही, मामाजी. गप्प राहणं हा सद्गुण असेल, तर भावाच्या बाबतीत मी दोन वर्षं तोच पाळतोय."

असं बिनतोड उत्तर मी आयुष्यात दिलं नव्हतं. सासऱ्यांनी पुस्तक स्वतःकडे ओढून योसेफांचं पान काढलं. मग म्हणाले, "बोलले नाई, खरं हाय. पन स्वप्नात देवदूतानं सांगतलं का उठून जात. इजिप्तले जा म्हटलं, गेले. परत ये म्हटलं, आले. तुमी नका बोलू. नुसतं चला."

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं एसटीने सावलीला उतरलो. वाटेतलं मूल गाव मागे पडेपर्यंत मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. भाऊ शेतात होता, रोवणी चालू होती. चिखलात वाकून बाया गाणी म्हणत होत्या आणि तो पऱ्ह्यांच्या पेंढ्या, म्हणजे रोपांच्या जुड्या, बांधीच्या खाचरात टाकत होता. आजारपणानंतर तो निम्मा झाला होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा बायकोने सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. त्याने आम्हाला बघितलं, कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा कामाला लागला. सासरे बांधावर बसले. मी उभा राहिलो. उभं राहून काय करायचं ते कळेना, तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, दोन पेंढ्या उचलल्या आणि बांधीत पाय टाकला.

चौथ्या पावलाला मी पडलो. तोंडावर. बायांचं गाणं थांबलं आणि हसणं सुरू झालं. चिखल डोळ्यांत गेला होता, त्यामुळे काही दिसत नव्हतं. एवढंच कळलं की कुणीतरी दंडाला धरून मला वर ओढतंय आणि ओढताना त्याला धाप लागतेय.

"मास्तर," भाऊ म्हणाला, "धान रोवाचं असते. स्वतःले नाई."

दुपारी बांधावर जेवायला बसलो. त्याने डब्यातली अर्धी भाजी माझ्याकडे सरकवली. "बोल ना बाबू," तो म्हणाला. "आता कितीकबी बोल. मी नाई अडवत." कोणत्याही विषयावर तासभर बोलू शकणारा मी, माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी मान खाली घालून भाजी खात राहिलो. भावाने पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसरीकडे बघत बसला. क्षमा कुणी मागितली नाही. पेंढ्या मात्र संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून टाकल्या.

आता सासूबाई नाहीत आणि सासरे राजुऱ्याला आमच्याकडे असतात. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, म्हणून पुस्तक मी वाचून दाखवतो. परवा दुपारी मी पान लावलं आणि या महिन्यात कोण म्हणून विचारलं. ते म्हणाले, "आता राहू द्या. इतके संत केले, एकबी पुरा जमला नाई. राग हाय तसाच हाय. देव विचारन, इतके दिवस काय केलं? मी काय सांगू?"

"सांगा, जावयाला सावलीला नेलं."

"त्यात मी काय केलं? मी तं बांधावर बसून होतो," ते म्हणाले. ते त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागला. त्यांना खरं काय ते सांगायचं माझ्या मनात होतं, पण अशा वेळी मला बोलता येत नाही. मी पांघरूण त्यांच्या पायांवर ओढलं आणि ते जागे होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.